मार्गरेटच्या गावातलं शेवटचं घर

मेथी निवडत होते, तेव्हा नूराचा फोन आला. "खाला, मम्मा पहाटे गेली. झोपेतच." मी "बरं" म्हटलं आणि उरलेली जुडी निवडून संपवली. हातांना बातमी उशिरा पोचते... त्याला आता सहा आठवडे झाले.

नूराची आई मार्गरेट जन्माने अमेरिकन, लग्नाने कुवेती. तिकडे अमेरिकेत शिकायला आलेल्या इथल्या एका इंजिनियरशी लग्न करून ती कुवेतला आली आणि आयुष्यभर इथल्या जाब्रिया भागात राहिली. मी सांगलीत भूगोल शिकवणारी, नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमागे कुवेतमधल्याच रिग्गईत आलेली. आमची गाठ पडली डोळ्यांच्या दवाखान्यात. तिची नजर जात चालली होती. माझा नुसता नंबर बदलला होता. शेजारच्या बाईला "कुठल्या तुम्ही?" असं विचारल्याशिवाय मला बाकावर बसताच येत नाही. तिने मिशिगनमधल्या एका टाउनशिपचं नाव सांगितलं. "अच्छा, म्हणजे आपल्या इथल्या अहमदीसारखी तेल कंपनीची कॉलनी," मी म्हटलं. ती हसली. तिची टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा जमिनीचा चौकोन. एक ओढा, एक चर्च, एक दफनभूमी, आणि माणसं आमच्या रिग्गईच्या दोन इमारतींत मावतील एवढी.

मी तेव्हा केवढी शहाणी होते म्हणून सांगू. अमेरिकेची शेती मी वर्षानुवर्षं फळ्यावर केली होती. "तुमच्याकडे सपाट गवताळ मैदान आणि गहू," मी तिलाच समजावलं. "टीचर," ती म्हणाली, "आमच्याकडे दलदल. आजोबांनी चर खणून पाणी काढलं, तेव्हा कुठे बीट लागलं." मी म्हटलं, पुस्तकात तसं नाही. जिचे लहानपणी त्या चिखलात बूट हरवले, तिच्याशी मी पाठ्यपुस्तकाच्या जोरावर भांडत होते...

गावातली शाळा बंद पडली होती, मुलं शहरात गेली होती. गाव शेजारच्यात विलीन करायचं चाललं होतं, म्हणून तिथल्या लोकांनी जुन्या माणसांकडून आठवणी मागवल्या. मार्गरेटला लिहायला दिसेना. मग दर मंगळवारी मी जाब्रियात जाऊन तिच्या वहीत लिहू लागले. ती सांगायची, मी लिहायचे. तिचं पहिलंच वाक्य होतं, "आधी लिही, ही जमीन आमची नव्हती. जे इथे राहत होते त्यांना हटवून आमचे लोक आले." त्यानंतर चर, रस्ते, आणि मग ओढ्यापासून चर्चपर्यंत एकेक घर. कुणाला किती मुलं, कुणाचं गोठ्याचं छप्पर जळलं, कोण कधी गाव सोडून गेलं. चर्चच्या अलीकडच्या शेवटच्या घराशी ती थांबली. "हे रिकामं सोड."

चहा करता करता नूराने हळूच सांगितलं, ते तिच्या आजोबांचं, म्हणजे मार्गरेटच्या वडिलांचं घर. लेकीने या लग्नाचं सांगितलं, त्या दिवसानंतर त्यांनी तिचं नाव घेतलं नाही.

झालं, माझं शहाणपण पुन्हा जागं झालं. माहेर म्हटलं की आम्हा बायकांना कुठलं राहवतंय. मी त्या जागी लिहून टाकलं, 'या घरची धाकटी लेक कुवेतला असते. सुखात आहे.' नवरा म्हणाला, "तिला विचारलंस का?" म्हटलं, "चांगल्या कामाला काय विचारायचं?" पुढच्या मंगळवारी मोठ्या ऐटीत तिला वाचून दाखवलं. तिने कप खाली ठेवला. "माझ्या गावात मला धरायचं की नाही, हे तू ठरवणार?" आवाज जराही चढला नव्हता. मी ओळ खोडली.

दोन महिने तिचा फोन नाही. मीही केला नाही. मास्तरीण चूक कबूल करायला वेळ घेते. अखेर तीच फोन करून म्हणाली, "टीचर, चर्चच्या पलीकडचं राहिलंय." मी गेले. दफनभूमीचा आराखडा काढला, तिने सांगितली तशी नावं घातली. त्या ओळीचा विषय दोघींनीही काढला नाही. पण वही पाठवू का म्हटलं की ती "थांब" म्हणायची.

गेल्या आठवड्यात नूरा ती वही घेऊन आली. "मम्माने माझ्याकडून पान शोधून घेतलं आणि मला खोलीबाहेर पाठवलं," ती म्हणाली. माझ्या खोडलेल्या ओळीखाली जाड मार्करने लिहिलेली अक्षरं होती, एकावर एक चढलेली, उतरत उतरत कडेला गेलेली. 'मार्गरेट. धाकटी. इथलीच.' सुखात वगैरे काही नाही.

"खाला, नीट अक्षरात लिहून द्याल? तिकडचे लोक वाट बघतायत."

मी पेनाचं टोपण काढलं, आणि पुन्हा लावलं. "फोटो काढ. असंच पाठव."

वही तिने माझ्याकडेच ठेवली. जेवणाच्या टेबलावर असते. नातू ताटासाठी सरकवतो, मी परत जागेवर आणते. मार्करची शाई त्या पानातून आरपार गेली आहे. मागच्या बाजूला दफनभूमीचा आराखडा आहे. मार्गरेटला इथल्या वाळूत पुरलं... पण आराखड्यातल्या तिकडच्या थडग्यांच्या चौकोनांमध्ये, आईवडिलांच्या नावांशेजारी, तिचं नाव उलटं उमटलेलं दिसतं.