रुद्रेशच्या डोळ्यातला तुकडा

चुडावा स्टेशनसमोर रुद्रेशची पानटपरी होती. माणूस मुलखाचा अबोल. लेक झाली तेव्हा कुठं जरा बोलायला लागला. बायको शिवकन्या दुपारी डबा घेऊन यायची, तेव्हा तीन वर्षांची शिवरंजनी फळीवर बसून ओल्या फडक्यानं पानं पुसायची.

एका दुपारी तो गिऱ्हाइकाला पान बांधून देत होता. शिवरंजनीनं, म्हणजे घरच्या रंजूनं, चुन्याची पुडी दोन्ही हातांनी दाबली. पुडी फुटली आणि चुना थेट तिच्या डोळ्यांत उडाला. लोक धावले. कुणीतरी ओरडलं, "पाणी लावू नका, तूप घाला!" रुद्रेशनं तूप घातलं. नांदेडच्या दवाखान्यात डोळे धुतले तोवर बुबुळं पांढरी पडली होती. चुना लगेच पाण्यानंच धुवायला हवा होता, हे तिथं कळलं.

तिथून त्यांना हैदराबादला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुबुळाच्या कडेला मूळपेशी असतात. वरचा काचेसारखा थर त्याच नवा करत राहतात. हिच्या दोन्ही डोळ्यांतल्या जळाल्यात. दुसऱ्या कुणाच्या तरी लावाव्या लागतील."

"माझ्या घ्या. दोन्ही डोळ्यांतल्या घ्या," रुद्रेश म्हणाला.

"एकातला बारीक तुकडा पुरे. पण तिचं शरीर त्याला परका मानू शकतं. आणि उशीर नको. या वयात डोळा बघायला शिकत असतो."

तुकडा रंजूच्या उजव्या डोळ्यावर बसवला. हळूहळू पांढरेपणा विरला. एका सकाळी तिनं बापाची हनुवटी धरली.

"बाबा, कपाळाला काय लावलंय?"

"विभूती हाय, माय."

तिनं ती पुसली आणि खदखदून हसली. त्यानं पुन्हा लावली, तिनं पुन्हा पुसली. शिवकन्या चुलीपुढं पदर तोंडाला लावून रडत होती.

तुकडा टिकावा म्हणून रंजूला जे औषध चालू होतं, त्यानं अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी व्हायची. पावसाळ्यात तिच्या छातीत कफ भरला, ताप उतरेना. जीव वाचवायला औषध बंद करावं लागलं. पोर वाचली. डोळा पुन्हा पांढरा झाला.

"माझा दुसरा डोळा हाय की," रुद्रेश डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

"आत्ता नाही. तिचा जीव धोक्यात येईल. मोठी झाल्यावर बघू."

"मोठी झाल्यावर चेहरे दिसतील का तिला?" शिवकन्यानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "उजेड कळेल. चेहऱ्यांचं सांगता येत नाही."

रुद्रेशनं टपरी विकली, स्टेशनावर केळी विकायला लागला. शिवकन्यानं त्याला कधी बोल लावला नाही. तेच त्याला लय जड जायचं.

यंदा जूनमध्ये त्यांनी रंजूला दृष्टिहीन मुलांच्या निवासी शाळेत ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या मुलीनं तिचं नाव विचारलं. रंजूनं नाव सांगितलं, मग म्हणाली, "माझ्या डोळ्यात माझ्या बाबाचा डोळा हाय."

रुद्रेश दारातच थबकला. तो तुकडा केव्हाच मेला होता. पोरीला तसं सांगायला त्याची जीभ रेटेना. तो बाहेर येऊन फाटकापाशी बसला. शिवकन्या म्हणाली, "चला, गाडी जाईल." तो उठला नाही, तशी तीही त्याच्याजवळ मातीतच बसली.