मुलाम्याची वाटी

माजिवड्याला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका जुन्या बड्या हॉटेलांतली चांदीच्या मुलाम्याची भांडी जमवतात. कुणाकडेही गेले की आधी चमचा उलटा करून मागचा छाप वाचतात. आमच्या चमच्यांवर त्यांना फक्त माझ्या सासऱ्यांचं नाव सापडतं.

मागच्या गुरुवारी, "तुमच्याकडे वाटीची काळजी नाही," म्हणत त्यांनी तसल्याच एका वाटीतून शिरा दिला. वाटी काळवंडलेली दिसली म्हणून बायकोने तारेच्या घासणीने लख्ख घासली. मुलामा गेला, हॉटेलचं नाव गेलं, पितळ तेवढं उरलं.

"रिकामी कशी द्यायची? चिवडा भरून न्या," ती म्हणाली. मलाही धीर आला. भरलेली वाटी कोण उलटी करणार?

काकांनी दारातच चिवडा बशीत ओतला, वाटी उलटी केली आणि पितळावरून अंगठा फिरवत राहिले.

"काका, ते... घासताना..."

"सूनबाईंना सांग, चिवडा मस्त झालाय."

त्यांनी तो अजून चाखलाही नव्हता.

आज पुन्हा शिरा आला, स्टीलच्या वाटीतून.

"बरं झालं, घासायला सोपी," बायको म्हणाली.

मी मात्र ती वाटी घासणी न लावता, बोटांनीच हळूहळू धुतली.