काळ्या बोटाची हजेरी

कल्याणच्या कॉलेजात आमचे केमिस्ट्रीचे सर प्रॅक्टिकलची हजेरी दुसऱ्या दिवशी घेत, तीही बोटं बघून. सिल्व्हर नायट्रेट लागलेलं बोट रातोरात काळं पडतं, आणि पोरांच्या ‘येस सर’पेक्षा सरांचा त्या डागावर विश्वास.

एका हजेरीसाठी माझी परीक्षा अडलेली, आणि मी नेमका त्याच प्रॅक्टिकलला दांडी मारून मॅच बघायला गेलेलो. सकाळी बोटाला बूटपॉलिश फासून हजर झालो.

सरांनी बोट हुंगलं, मग माझ्या चपलांकडे पाहिलं.

“पॉलिश बरंय. बूट कुठायत रे?”

संध्याकाळी खडवलीला जायची नेहमीची गाडी सोडून ते थांबले आणि माझ्याकडून सिल्व्हर नायट्रेटचं ते अख्खं टायट्रेशन करवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बोट काळंकुट्ट. सरांनी हजेरी लावली.

“बस परीक्षेला. मार्कांचं मात्र विचारू नकोस. डाग बरोबर आलाय, उत्तर चुकलंय.”