दोन बोटं जास्त

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की नांदुऱ्यातली ती सकाळ आठवते. बहीण पहिल्यांदाच विमानात बसली होती, मुंबईहून थेट लंडनला. ती कधी उतरेल हे काढायला शिवणकाम करणाऱ्या आईने माझ्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला. मी तो टेपने मोजला, गुणाकार करून किलोमीटर काढले, विमानाच्या वेगाने भागले आणि म्हणालो, "आठ तास." आईने दोरा दोन बोटं वाढवला, हिशेब साडेनऊवर गेला. "काऊन वं?" मी विचारलं. "शिलाईले कापड सोडा लागते, बाबू. विमान काय पट्टी लावून जाते?" मी हसलो. आठ तास उलटले, बहिणीचा पोहोचल्याचा फोन नाही. माझा जीव वरखाली. आई शांतपणे ब्लाउजला हुक लावत बसलेली. साडेनऊ तासांनी तिचा फोन वाजला. आता मोबाइलवर विमान सरकताना दिसतं, उतरायची वेळही दिसते. तरी मी त्यात आईची दोन बोटं मिळवतो आणि तेवढा वेळ उलटला की मगच घाबरतो.