दोनशे एक्काहत्तर नंबरची मोटार

सखाराम मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्धी दाढी उरकून आरशासमोर उभा होतो. त्यांचा मुलगा मिलिंद बोलत होता. "गुरुजी, अण्णा गेले. सकाळी च्या घेतला, पेपर वाचला, अन् खुर्चीतच..." मी फोन ठेवला आणि आधी उरलेली अर्धी दाढी केली, कारण तसाच निघालो असतो तर खुद्द मिस्त्रींनीच मला दारातून परत पाठवलं असतं. अर्धवट कामाची त्यांना चीड होती. नव्वदी पार केलेला माणूस चहा पिऊन, पेपर वाचून गेला, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं, असं तिथे जमलेले लोक म्हणत होते. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. आता पाच आठवडे झाले, तरी हायवेवरून जाताना मान आपोआप त्यांच्या गॅरेजकडे वळते. पण आज रडगाणं गायचं नाही. आज त्यांच्या मोटारीची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या गोष्टीत माझी फजिती आहे, तीही सांगायची आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. सत्तर-बहात्तरच्या सुमारास वडीगोद्रीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो. आमचा भाग तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता, जालना जिल्हा व्हायला अजून अवकाश होता. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे हायवेच्या कडेला चार पत्रे आणि एक बाभूळ. ट्रक दुरुस्त करणारा हा माणूस दर रविवारी मात्र ट्रककडे ढुंकूनही बघत नसे. बाभळीमागे ताडपत्रीखाली एक जुनी विलायती मोटार होती, तिच्यात डोकं घालून बसलेला असे. दोन्ही बाजूंना पायदान, पुढे डोळे वटारलेले दोन दिवे, पितळी भोंगा. ती कुंभार पिंपळगावच्या एका मालकाची. मालक वारले, पोरं शहरात गेली, मोटार गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात गेली. शेवटी धाकट्या मालकांनी "घेऊन जा बाबा, गोठा तरी मोकळा होईल" म्हणून ती भंगारात मिस्त्रींना दिली. चार वर्षं रविवार घालवून त्यांनी ती चालती केली. एवढा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला मोटारीच्या मागच्या बाजूला नेलं आणि नंबराची पाटी दाखवली.

काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात हाताने काढलेले आकडे होते. दोन, सात, एक. दोनचं शेपूट जरा जास्तच लांब, सात थोडा वाकलेला. "आमच्या आबानं काढेल हाय," मिस्त्री म्हणाले. त्यांचे वडील, म्हणजे आबा, मालकांच्या घरी अठरा वर्षं ही मोटार धूत होते. धुवायची, पुसायची, दसऱ्याच्या आधी पाटीवरचे आकडे नव्याने रंगवायचे. मात्र आत बसायचं नाही. छप्पन सालानंतर घरात बुद्धाची तसबीर आली, माणसं ताठ चालू लागली, पण मोटारीचं दार काही आबांसाठी उघडलं नाही. आबांना अक्षर येत नव्हतं. सही करायची वेळ आली की अंगठा. उभ्या जन्मात त्यांनी लिहिलं ते एवढंच, हे तीन आकडे. आता म्हातारपणी त्यांचे हात इतके थरथरत, की पेला धरवत नव्हता, मग ब्रश कुठला. "मला आबाला ह्या गाडीत बसवायचंय, गुरुजी. मागच्या सीटवर. अन् पाटी हीच पायजे. दुसरा नंबर आला तर ही पाटी उतरवावी लागंल, मंग कशाला करून राह्यलो म्या हे सगळं?"

अडचण अशी की मोटारीचा नंबर निजामाच्या राज्यातला, आणि पंधरा वर्षं ती रस्त्यावर आलेलीच नव्हती. जुना नंबर कायम ठेवता येईल, पण मोटार पहिल्यांदा कधी दाखल झाली ते कागदाने सिद्ध व्हायला हवं, असं आर.टी.ओ. ऑफिसातून समजलं. कागद होता. मोटारीच्या हत्यारांच्या पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेला, सगळा उर्दूत. मिस्त्री निजामाच्या शाळेत चार इयत्ता शिकलेले, त्यामुळे त्यांना तो वाचता येई. मला येत नसे. पण अर्ज लिहायचा मान माझा, कारण मी गुरुजी! मिस्त्री एकेक ओळ वाचून दाखवत आणि मी झोकात लिहीत होतो. "सन तेराशे शेहेचाळीस," ते म्हणाले, "अन् महिना..." मी त्यांना हात करून थांबवलं. "महिना राहू द्या हो, सन पुरे." मुसलमानी राज्य, उर्दू कागद, म्हणजे हिजरी सन, एवढी अक्कल मला होतीच. शाळेतल्या इतिहासाच्या तक्त्यावरून हिशेब केला आणि अर्जात ठोकून दिलं: एकोणीसशे सत्तावीस. वर पुन्हा मिस्त्रींना म्हणालो, बघा, असं असतं शिक्षण.

ठरल्या दिवशी तात्पुरत्या परवान्यावर मोटार घेऊन आम्ही ऑफिसात हजर झालो. मिस्त्रींनी नवी टोपी घातली होती. तपासणीचे साहेब तरुण होते, विदर्भाकडचे. त्यांनी मोटारीचं झाकण उघडायला लावलं, आत वाकून इंजिनावरची पितळी पट्टी पुसली आणि तिच्यावरचं साल वाचलं. मग माझा अर्ज वाचला. मग पुन्हा पट्टी. "ही गाडी छत्तीस साली बनली," ते म्हणाले, "आणि तुमच्या कागदावर ती सत्तावीस सालीच दाखल झाली? जन्माआधी नऊ वर्षं बारसं?" मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. कागद बनावट दिसतो, असं ते सरळ म्हणाले. मुकाट्याने नवा नंबर घ्या, नाहीतर कागद कुठून आणला याची चौकशी लावतो... एका अंगठेबहाद्दर माणसाची जन्माची कमाई मी शिकलेल्या माणसाने मातीत घातली होती. आज पन्नास वर्षांनीही तो क्षण आठवला की कान तापतात.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नट कुठे ढिला आहे ते बघावं तसं. "गुरुजी, सत्तावीस कसं काढलं तुम्ही?" मी अडखळत सांगितलं, हिजरी सनावरून. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, सरकारी कागद हाय ह्यो! ह्याच्यावर फसली सन असतंय. हिजरी नमाज-रोज्याला, फसली दफ्तराला. शेतसाऱ्याच्या पावत्या बघा की, सगळ्या फसली!" मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, फसलीत पाचशे नव्वद मिळवा. तेराशे शेहेचाळीस अन् पाचशे नव्वद. किती झाले?" साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यात बेरीज केली. एकोणीसशे छत्तीस. तरी त्यांचा विश्वास बसेना. हा फसलीच कशावरून? "महिन्यावरून," मिस्त्री म्हणाले. "हिथं बहमन लिहेल हाय. हिजरीत मोहरम असतो, सफर असतो, रमजान असतो. बहमन बिलकुल न्हाई. बहमन फसलीतला, डिसेंबराच्या टायमाला येतो." साहेबांनी ऑफिसातल्या म्हाताऱ्या चपराशाला हाक मारली. ते हमीदचाचा निजामाच्या काळापासून नोकरीत होते. त्यांनी चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "बराबर है साब. बहमन लिखा है. मिस्त्री सही बोल रहे हैं." जो महिना मी उडवून लावला होता, त्याच महिन्याने आम्हाला तारलं. साहेबांनी माझा अर्ज माझ्या हातात परत दिला आणि दुसरा लिहायला सांगितलं. या खेपेला मी मिस्त्री सांगतील ते अक्षरन् अक्षर लिहिलं.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. साहेब बाहेर येऊन पाटीसमोर उभे राहिले. आकडे वाकडे आहेत, नवी पाटी रंगवून घ्या, असं कारकून पुटपुटला. "कोणी काढलेत?" साहेबांनी विचारलं. "वडलांनी," मिस्त्री म्हणाले. मग मान वर करून म्हणाले, "त्यांना लिहिता येत न्हाई, साहेब." साहेब वीसेक पावलं मागे गेले, तिथून मोठ्याने वाचलं, "दोन, सात, एक," आणि परत येऊन कारकुनाला म्हणाले, "मला वाचता येतंय. राहू द्या." मिस्त्री तिथेच पायदानावर बसले आणि नव्या टोपीने डोळे पुसले. ते साहेब मला पुढे कधी भेटले नाहीत, पण त्यांच्याबद्दल मनात आजही आदर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार भोंगा वाजवत कुंभार पिंपळगावात शिरली. बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या बायका पाट्या सोडून उठल्या. "दोनशे एक्काहत्तर आली! दोनशे एक्काहत्तर!" असा ओरडा झाला. गावात त्या मोटारीला नावच ते होतं. आबा आधी मोटारीच्या मागे गेले, थरथरता हात पाटीवर ठेवून उभे राहिले. मग मिस्त्रींनी दार उघडलं आणि आबा मागच्या सीटवर बसले. गावातून, बाजारातून, मालकांच्या फाटकावरून मोटार गेली. त्या फाटकाशी मिस्त्रींनी भोंगा तीनदा वाजवला, मी मोजला. पुढे बसलेला मी मागे वळून म्हणालो, "आबा, कसं वाटतंय?" आबांनी जरा पुढे सरकून बघितलं. समोर मिस्त्रींची मान आणि माझी मान, एवढंच त्यांना दिसत होतं. "मालकाला आतून एवढंच दिसायचं व्हय?" ते म्हणाले. "आरं, मंग गाडीची खरी मजा तर म्याच घेतली की, अठरा वर्षं!" मिस्त्री इतके हसले की मोटार रस्ता सोडून कडेच्या तुरीत जायची वेळ आली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो तेव्हा सगळं आटोपल्यावर मिलिंद मला गॅरेजमागच्या शेडमध्ये घेऊन गेला. मोटार तिथेच उभी आहे, तीच पाटी लावून. मी वाकून पाहिलं. काळा रंग नवा, चकचकीत होता, पण आकडे जुनेच, पिवळे पडलेले. मिलिंद म्हणाला, "अण्णा दरसाली काळा रंग द्यायचे गुरुजी, पर आबाच्या आकड्याला कधी ब्रश लावला न्हाई. बारीक ब्रशनं कडंकडंनं द्यायचे. दोन-दोन दिवस बसायचे." पन्नास वर्षांचे काळ्या रंगाचे थर आजूबाजूला चढत गेले आहेत आणि आबांचे आकडे त्यांच्यामध्ये खोल गेले आहेत, दगडात कोरावेत तसे. मी डोळे मिटले आणि दोनच्या लांब शेपटावरून, वाकड्या सातावरून, एकावरून बोट फिरवलं. सगळं वाचता आलं.