योद्धा जादूगार होताना

आमच्या खेळात तलवारी, जादू, राक्षस आणि फासे असतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि पुढं काय घडतं ते थोडं बोलण्यातून, थोडं फाशांतून ठरतं. घरचे याला पोरखेळ म्हणतात. चाळिशी ओलांडलेली माणसं दर सुट्टीला सतरंजीवर बसून 'मी दाराला कान लावतो' असं गंभीरपणे म्हणत असतील, तर दुसरं काय म्हणणार? खेळ मी चालवतो. म्हणजे राक्षस माझे आणि नियमही माझ्याच ताब्यात. नियमांच्या बाबतीत मी खडूस आहे. फासा सतरंजीबाहेर गेला तर पुन्हा टाकायला लावतो, मग समोरचा कितीही कुरकुरो.

खेळायला तिघं होती. माझा शाळेपासूनचा मित्र, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि गल्लीतला शर्ट शिवणारा टेलर. टेलर खेळात चोर, वहिनी वैद्य. मित्र कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर होता आणि खेळात योद्धा. धिप्पाड गडी. राक्षस समोर आला की आधी त्याला म्हणायचा, "पावणं, जरा बाजूला व्हा की," आणि मगच तलवार काढायचा. टेलर हसून हसून लोळायचा आणि मला राक्षसाचा आवाज काढणं मुश्कील व्हायचं.

मग मित्राच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली, मशीनवर उभं राहणं सुटलं. खेळ मात्र त्यानं सुटू दिला नाही. बसायचं त्याच्याच घरी आणि सतरंजीवर दवाखान्याचा विषय काढायचा नाही, एवढं वहिनींनी बजावलं होतं. आम्ही ते पाळत होतो.

अशाच एका दुपारी तो म्हणाला की योद्धा लई झाला, आता त्याला जादू शिकायची आहे. आमच्या खेळात एका पात्राला दोन पेशे घेता येतात, पण त्याचे दोन मार्ग आहेत. मी ते समजावून सांगितले. पहिला मार्ग म्हणजे दोन्ही पेशे बरोबरीनं चालवायचे. प्रत्येक लढाईतून मिळणारा अनुभव अर्धा तलवारीला, अर्धा जादूला. दोन्हींत प्रगती हळू होते, पण तलवार हातात राहते आणि थोडी जादू लगेच येते. दुसऱ्या मार्गात योद्धेपण बाजूला ठेवायचं आणि जादूगार म्हणून पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. तलवार म्यानात. मध्येच काढली तर त्या दिवसाचा सगळा अनुभव बुडाला. योद्धा म्हणून जिथवर चढला होता, त्याच्या पुढं जादूगार म्हणून गेला, की मग दोन्ही विद्या पूर्णपणे त्याच्या. असा माणूस शेवटी सगळ्यांत बलवान होतो, पण तोवर बराच काळ तो कुणाच्याच कामाचा नसतो.

त्याचा योद्धा किती वर चढला होता हे सगळ्यांना माहीत होतं. तिथवर जादूगार न्यायचा तर कित्येक वर्षं खेळावं लागलं असतं. टेलरनं पहिल्या मार्गाचं भरभरून कौतुक केलं. मीही तेच सुचवलं. खरं तर आमच्या नियमाप्रमाणे पहिला मार्ग फक्त नव्या पात्राला मिळतो. त्याच्यासाठी मी नियम वाकवायला तयार होतो, आणि तसं बोलूनही दाखवलं.

"मला दुसरा पायजे," मित्र म्हणाला.

मी म्हटलं, "लई लांबचा हाय तो."

"व्हय. म्हणूनच."

मी वहिनींकडं पाहिलं. त्या खाली बघून फासे गोळा करत होत्या. ते म्हणतील ते द्या, एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे काही महिने आमच्या टोळीचे हाल झाले. जो गडी सगळ्यांच्या पुढं चालायचा, तो आता वैद्यबाईच्या पाठीमागं उभा राहून बोटावर उजेड पाडायचा. एवढीच जादू त्याला येत होती. एकदा टेलरचा चोर मरता मरता वाचला, तरी यानं म्यानाला हात लावला नाही. टेलर दोन आठवडे त्याच्याशी नीट बोलला नाही. मी हळूच सोपे राक्षस आणायला लागलो, अनुभव वाढवून द्यायला लागलो. ते त्याच्या लगेच लक्षात आलं. फुकटचं नको, म्हणाला, आणि जास्तीचं सगळं परत घ्यायला लावलं. तोवर त्याचे हात इतके बारीक झाले होते की फासे टाकताना मनगटातलं कडं कोपरापर्यंत सरकायचं. मी नकाशात तोंड घालून बसायचो. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

शेवटच्या डावाला तो कॉटवर उशांना टेकून बसला होता. आम्ही सतरंजी कॉटच्या बाजूला ओढून घेतली. एका घाटात राक्षसानं टोळीवर हल्ला केला आणि वहिनींची वैद्य जखमी होऊन पडली. माझे फासे राक्षसाच्याच बाजूनं पडत गेले. टेलरचा चोर लांब अडकलेला. पुढच्या घावाला वैद्य मरणार होती आणि आता मित्राचीच पाळी होती. जादूगार म्हणून तो फार तर राक्षसाच्या डोळ्यांवर उजेड पाडू शकला असता.

त्यानं फासा हातात घेतला. मग म्हणाला, "तलवार काढतो."

मला नियम सांगणं भाग होतं. "आजचं सगळं जाईल तुझं."

"म्हाईत हाय की."

 वहिनी उठून कॉटपाशी गेल्या आणि त्यांनी त्याचा फासा धरलेला हात दाबून धरला. खेळातली माणसं मेली की नवी करता येतात, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला मरू दे. तुमी तलवार काढू नका."

"काढू दे गं."

"न्हाय. शिकायचं हाय न्हवं तुमाला अजून?"

त्यानं दुसऱ्या हातानं त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि फासा चादरीवर सोडला. फासा सतरंजीबाहेर होता, तरी मी तो धरला; आकडा चांगला पडला होता. मी राक्षस मेल्याचं सांगितलं, वैद्य वाचल्याचं सांगितलं. आनंद कुणालाच झाला नाही. वहिनी तिथंच कॉटच्या कडेवर बसून रडल्या. आमच्यासमोर पहिल्यांदाच. इतके दिवस सतरंजीवर जे बोलायचं नव्हतं, ते त्यानं न बोलता सांगून टाकलं होतं.

पुढच्या सुट्टीला आम्ही पंचगंगेच्या स्मशानात होतो.

आता टेलर भेटला की चहा घेतो, खेळाचा विषय काढत नाही. मला अजून मित्राचा राग येतो. जवळचा मार्ग घेतला असता तर थोडी जादू त्याला खरंच करायला मिळाली असती. वहिनींजवळ हे एकदा बोलून गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं न्हाय घेतला. तलवार म्यानात हुती तवर मला वाटायचं, हे ऱ्हाणार हाईत."