आलोच

‘आलोच’ या शब्दाविषयी माझी तक्रार जुनी आहे. जो माणूस अद्याप घरातून निघालेला नाही, ज्याच्या पायात चप्पलही नाही, तो खुशाल भूतकाळी क्रियापद वापरतो, वर ठासून ‘च’ लावतो आणि आपण त्या ‘च’च्या भरवशावर गळत्या नळाखाली बादल्या बदलत बसतो.

आमच्या भागातल्या प्लंबरचे नावच त्यामुळे ‘आलोच’ पडले होते. सकाळी बोलवावे तर हा दिवेलागणीला उगवणार.

“दादा, चिडलात वाटतं.”

“चिडून काय उपयोग? स्वयंपाकघरात होडी सोडायची वेळ आली.”

“अरेरे, मग वल्हं आणायला हवं होतं. मी नेमका पाना आणला.”

मग भिंतीला कान लावून तो स्तब्ध उभा राही, आणि जिथे फोडे तिथेच गळती सापडे. या कामाला नावे ठेवण्याची सोय त्याने मला कधी दिली नाही.

हाच माणूस दर रविवारी माझ्या मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये ड्रम वाजवीत असे. मेहुणा फ्रिज दुरुस्त करतो आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने भिंतींना भंगारातल्या फ्रिजची दारे ठोकली आहेत. आवाज तरीही बाहेर येतो. तो विषय निराळा. गिटारचे पहिले आवर्तन संपले की ड्रमने यायचे. आलोच तिथेही रेंगाळे. मेहुणा मान न वळवता ओरडे, “अरे, येतोयस ना?” मागून उत्तर येई, “आलोच,” आणि मग ठोका पडे, केसभर उशिरा. मी त्याला सरळ दोष म्हणत असे.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात आत नेताना तो बायकोला म्हणाला, “आलोच.” या खेपेस तो आलाच नाही.

मेहुण्याने त्याच्यासाठी एक धून बांधली. निखळ रॉक, गाणे नाही. “शब्द का नाहीत?” मी विचारले.

“त्याला शब्द एकच येत होता, दादा. त्याचं गाणं कसं करू?”

ड्रम वर्कशॉपमध्येच पडून होते, पण मालकी आता वहिनींची, म्हणजे आलोचच्या बायकोची. त्यांनी स्पष्ट सांगितले, “भाऊजी, आधी मी ऐकणार. त्यात ते आहेत असं वाटलं तर रेकॉर्ड करा. नाही वाटलं तर त्यांच्या नावावर काहीतरी खपवू नका. मी ड्रम घेऊन जाईन.”

त्या रविवारी मीही गेलो. दोष काढायला कोणीतरी जबाबदार माणूस हजर असावा लागतो.

ड्रमवर एक बँकेतले कॅशियर बसले होते. मेहुण्याने आवर्तन पुरे केले, आणि कॅशियरांचा ठोका रेघ मारल्यासारखा जागेवर पडला. मला समाधान वाटले. वहिनींनी हात वर केला.

“थांबवा, भाऊजी. हे वेळेवर येतायत. आमच्याकडे असं कोणी नव्हतं.”

“मग उशिरा येऊ?” कॅशियरांनी विचारले.

त्यांनी प्रयत्न केला. पायरी चुकलेल्या माणसासारखे वाटले.

“उशीर वेगळा आणि चूक वेगळी,” मेहुणा म्हणाला.

“आमच्या बँकेत दोन्हींचा मेमो एकच असतो.”

कोणी फारसे हसले नाही. आणखी दोनदा झाले, तेच झाले. वहिनी उठल्या, पर्स खांद्याला लावली. “राहू द्या. तुम्ही मनापासून केलंत.” त्या दाराकडे वळल्या. मेहुण्याने पुन्हा गिटारच छेडली. आवर्तन संपत आले आणि जुन्या सवयीने, मान न वळवता, तो ओरडला,

“अरे, येतोयस ना?”

कॅशियरांच्या हातातल्या काठ्या हवेत थांबल्या.

“आलोच,” दारातून, पाठमोऱ्या वहिनी म्हणाल्या.

आणि ठोका पडला. त्या शब्दाला वाट देण्यापुरता, केसभर उशिरा. धून तोल जाऊन पुढे झुकली आणि त्या ठोक्याने तिला पडता पडता झेलले. भिंतींवरची दारे थरथरली. भिंतीला कान लावून उभा असलेला तो माणूस त्या खोलीत आहे, असे मला वाटले, आणि असल्या वाटण्यावर माझा मुळीच विश्वास नाही.

बाई ‘आलेच’ म्हणते. वहिनी ‘आलोच’ म्हणाल्या. असा लिंगदोष मी कोणाचाही सोडत नाही. त्या खोलीत मात्र तेवढेच एक रूप शुद्ध होते.

वहिनींनी पर्स पुन्हा खुर्चीवर ठेवली. “भाऊजी, परत घ्या,” त्या म्हणाल्या, “पण मला विचारल्याशिवाय ठोका टाकू नका.”

धून तशीच रेकॉर्ड झाली. साऱ्या वाद्यांच्या गदारोळात मेहुण्याची ती हाक आणि तिला उत्तर म्हणून शब्द एकच, तोही बाईच्या आवाजात आणि पुरुषाच्या रूपात. त्या शब्दाविषयीची माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही. एवढेच की धून लागली आणि ते आवर्तन संपत आले, की मी बोलत असलो तर थांबतो, आणि तो येईपर्यंत श्वास घेत नाही.